शत्रुंजयाची भावयात्रा

सौराष्ट्रातील पालिताणा येथे जयतळेटीला मस्तक टेकवून शत्रुंजयाची चढण सुरू होते. पायऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास. हिंगळाजमातेच्या खड्या चढावर भल्याभल्यांना धाप लागते. पुढे रामपोळ, वाघणपोळ, हाथीपोळ अशी द्वारे ओलांडली की दादा आदीश्वरांचे मंदिर समोर येते. चातुर्मासात ही यात्रा बंद असते. कार्तिक पौर्णिमेला ती पुन्हा सुरू होते आणि ज्यांना पालिताण्यास जाणे शक्य नसते, ते श्रावक-श्राविका त्या दिवशी आपल्या गावीच शत्रुंजयाच्या पटासमोर वंदन करून भावयात्रा करतात.

गुडघे थकलेल्या आजी डोळे मिटून एकेक पायरी चढू लागतात, तेव्हा घरातील तरुणांना ती केवळ मनाची समजूत वाटते. शास्त्रज्ञांचे निरीक्षण निराळे आहे. फ्रान्समधील ज्याँ देसेती, मार्क झानरो व त्यांच्या सहकाऱ्याने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना ५, १० व १५ मीटर अंतर कधी प्रत्यक्ष, तर कधी केवळ मनाने चालण्यास सांगितले होते. दोन्हींस लागलेला वेळ जवळजवळ सारखाच भरला. पुढील एका प्रयोगात मनातल्या चालण्याचा वेग वाढत गेला, तसे निश्चल असलेल्या माणसांचे श्वसन व हृदयाचे ठोकेही वाढत गेले. अशा वेळी मेंदूतील हालचालींची आखणी करणारे भाग कार्यरत होतात. पाय मात्र हलत नाहीत.

केंब्रिज येथील एड्रियन ओवेन यांनी २००६ मध्ये एका तरुणीविषयी लिहिले. अपघातानंतर ती कोणत्याही हाकेस ओ देत नव्हती. ‘आपल्या घरातील खोल्यांतून फिरत आहेस अशी कल्पना कर,’ असे तिला सांगताच तिच्या मेंदूत निरोगी माणसांप्रमाणेच प्रतिसाद उमटला. तिची जाणीव शाबूत होती.

भावयात्रेने होणारी कर्मनिर्जरा कोणतेही यंत्र मोजू शकणार नाही. तो श्रद्धेचा विषय आहे. परंतु मनाने चालणे म्हणजे काहीच न करणे नव्हे, एवढे या प्रयोगांवरून निश्चित दिसते. घरात अंथरुणाला खिळलेले वडीलधारे असतील, तर येत्या कार्तिक पौर्णिमेस कुटुंबाने त्यांच्या उशाशी बसावे. तळेटीपासून दादांच्या दरबारापर्यंतची वाट, एकेका पोळीचे नाव घेत, सावकाश बोलून दाखवावी. घाई करू नये. चढण मोठी आहे.