अंगणातील मीटरगेज

लहान मुलांना आगगाडीचे चित्र काढायला सांगा. इंजिन काढतील, डबे काढतील, डब्यांना खिडक्या आणि खिडक्यांत माणसे काढतील. आजच्या इंजिनाला धूर नसतो, तरी धूरही काढतील. रुळांसाठी मात्र खाली दोन रेघा ओढून मोकळे होतील. मोठ्यांचेही तसेच आहे. गाडीला उशीर झाला की ड्रायव्हरची आणि स्टेशनमास्तरची आठवण निघते. गाडी सुखरूप पोचली तर पहाटे अंधारात रूळ तपासत चार कोस चाललेल्या माणसाची आठवण कोणाला होत नाही.

माझे कालकथित वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, मनमाडला रेल्वेत गँगमन होते. आता या पदाला ट्रॅक मेंटेनर म्हणतात. नाव बदलले, कष्ट फारसे बदलले नाहीत. स्लीपरखाली खडी ठोकून बसवायची, सरकलेला रूळ पहारीने ओढून सरळ करायचा, सैल झालेल्या चाव्या ठोकायच्या, वैशाखात रूळ तापून फुगतो का ते पाहायचे, पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन गस्त घालायची. आपल्या समाजाची किती माणसे या कामात आयुष्यभर राहिली, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको.

दिनांक १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडलाच जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी तेथे बजावले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच भाषणातील एक साधी गोष्ट क्वचितच सांगितली जाते. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो. त्याला पोर्टरसुद्धा करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागते आणि त्या घरात अस्पृश्याचा हात चालत नाही, हे बाबासाहेबांनी तेथे दाखवून दिले. म्हणजे आमच्या हातचे रूळ चालत होते, आमच्या हातचे पाणी चालत नव्हते.

आप्पा नोकरीला लागले तेव्हा काळ पुष्कळ बदलला होता. ते मुकादम होऊन निवृत्त झाले. त्यांची सारी नोकरी मनमाडहून औरंगाबादकडे (आताचे छत्रपती संभाजीनगर) जाणाऱ्या लाइनवर झाली. ही लाइन निजामाच्या राजवटीत हैदराबादहून मनमाडपर्यंत टाकलेली, मीटरगेजची. म्हणजे दोन रुळांतील अंतर एक मीटर. मुंबईकडून येणारी लाइन ब्रॉडगेज, १६७६ मिलीमीटरची. त्यामुळे इकडची गाडी तिकडे जाऊ शकत नसे. मनमाडला माल एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे आणि प्रवाशांना गाठोडी घेऊन गाडी बदलावी लागे. १९९०च्या दशकात ही लाइन ब्रॉडगेज झाली. सोय झाली, ते योग्यच झाले. पण जे रूळ आप्पांनी वर्षानुवर्षे जपले, तेच त्यांच्या गँगला उचलावे लागले.

त्यानंतर आप्पांनी घरामागच्या अंगणात मीटरगेज टाकली. नगरसूल, लासूर, दौलताबाद अशी चुन्याने लिहिलेली छोटी स्टेशने, अंकाईचा डोंगर, दगड रचून केलेली हडबीची शेंडी आणि या सर्वांना वळसा घालणारी साठ फुटांची लाइन. इंजिन पत्र्याचे, आत टेपरेकॉर्डरची मोटर. रूळ म्हणजे बाजारातून विकत आणलेली लोखंडी पट्टी, बारा मिलीमीटर रुंद आणि तीन मिलीमीटर जाड, स्लीपरच्या खाचेत उभी बसवलेली. रेल्वेचा एक खिळादेखील त्यात नव्हता. कोणी तसे विचारले तर आप्पांना राग येई. ते पट्टीची पावती काढून दाखवीत.

दोन रुळांतील अंतर त्यांनी पावणेदोन इंच ठेवले होते. न्यूरेंबर्गच्या लेहमान कारखान्याने १९६८ साली बागेत चालणाऱ्या आगगाड्या बाजारात आणल्या. मीटरगेजच्या साडेबावीस पट लहान अशा त्या गाड्यांचे रूळ ४५ मिलीमीटर अंतराचे. पावणेदोन इंच म्हणजे जवळजवळ तेवढेच. आप्पांनी जर्मनीचे नाव ऐकले होते ते फक्त लढाईच्या संदर्भात. दोघे एकाच मापावर पोचले हे मला फार पुढे कळले.

शेवटची दोन वर्षे आप्पा अंथरुणाला खिळून होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि अंगणाचा विषय निघाला. लाइन तोवर ओळखू येत नव्हती. पट्टी गंजली होती, अर्धे स्लीपर वाळवीने खाल्ले होते, स्टेशने गवतात गेली होती. दादा म्हणाला, “इथं दोन खोल्या काढू. भाडं येईल. पोराची पॉलिटेक्निकची फी भरायची आहे.” त्याचे म्हणणे गैर नव्हते. फी भरणे ही आपल्या घरांतील पहिली गरज आहे आणि ती आप्पांनीच आम्हाला शिकवली.

इकडे चळवळीतील मित्रही चेष्टा करीत होते. “साहेब, शिष्यवृत्तीचे अर्ज पडून आहेत आणि तुम्ही झुकझुक गाडी खेळणार?” मी त्यांना मनमाडच्या परिषदेची आठवण दिली. गँगमनच्या बाजूने भाषण करणे सोपे आहे. गँगमनला काय येत होते, ते आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

निर्णय आईने केला. ती म्हणाली, “एक खोली काढा. उरल्या जागेत त्यांची लाइन बसवा. जलमभर त्यांनी दुसऱ्याचे रूळ सरळ केले, त्यांचा का वाकडा ठेवता?” यावर दादाही काही बोलला नाही.

मग मोजमाप केले. खोलीला नऊ फूट लांबी दिली. साठ फुटांची लाइन बेचाळीस फुटांची झाली. वळणे आप्पांनी ठेवली होती तशीच चार फूट त्रिज्येची ठेवली. त्याहून आवळली की चाके रुळाला घासतात आणि डबे उतरतात. सरळ भाग तेवढे कमी केले. लासूर स्टेशन गेले, नगरसूल आणि दौलताबाद राहिले.

लाइन का बिघडली, हे आधी पाहणे भाग होते. वरवर दोष गंजाचा दिसत होता, पण मूळ दोष जमिनीचा होता. आमच्या अंगणात काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टाकलेला रूळ दरवर्षी वर-खाली होणारच. मोठ्या रेल्वेलाही काळ्या मातीत हाच त्रास होतो. म्हणून लाइनच्या मार्गावर फूटभर माती काढली, मुरूम भरला, पाणी मारून धुमसाने ठोकला आणि त्याला एका बाजूला थोडा उतार दिला. पाणी त्या उताराने लिंबाच्या आळ्यात जाते. मनमाडमध्ये पाण्याची किंमत सांगायला नको, थेंबही वाया घालवून चालत नाही.

मुरुमावर खडी. मोठ्या लाइनवर साधारण ५० मिलीमीटरची खडी असते. तिला साडेबावीसने भागले की सव्वादोन मिलीमीटर येते. म्हणून खडी-क्रशरवरून कच आणली, चाळणीने चाळली आणि बारीक भुकटी काढून टाकली. भुकटी राहिली तर पाणी अडते आणि चिखल होतो. खडी म्हणजे शोभा नव्हे. ती स्लीपर जागच्या जागी धरते, वजन खाली पसरवते आणि पाणी वाहून देते, ही तीन कामे आप्पा बोटांवर मोजून सांगत.

मीटरगेजचा लाकडी स्लीपर सहा फुटांचा. आमचा आठ सेंटिमीटरहून किंचित मोठा. पट्टी धरायला खाच लागते, म्हणून जाडी मात्र मापापेक्षा जास्त ठेवावी लागली. असे सुमारे ३८० स्लीपर जुन्या सागवानी चौकटीतून कापून घेतले आणि वाळवीसाठी औषध लावले. सांधे जुळवताना मात्र माझ्यातला बी.कॉम. कारकून जागा झाला. आप्पांच्या वहीत एक ओळ होती : पट्टी थंडीत टाकावी, चार फुटाला करवतीचे पाते. मी ती तीन-चार वेळा वाचली. मग हिशेब केला. लोखंडाची एक मीटर पट्टी एक अंश उष्णता वाढली की मिलीमीटरच्या सुमारे बारा हजारांश भागाने वाढते. थंडीतली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत तापलेल्या पट्टीचा फरक पन्नास अंश धरला, तर चार फुटांची पट्टी सुमारे ०.७ मिलीमीटर वाढणार. हॅकसॉचे पाते मोजून पाहिले, जवळजवळ तेवढेच भरले. दोन पट्ट्यांच्या सांध्यात पाते धरायचे, पट्टी बसवायची आणि पाते काढून घ्यायचे. चौथी शिकलेल्या माणसाने ही फट गणिताशिवाय धरली होती. आमच्या कचेरीतील फाइलींवर सह्या करणाऱ्या किती साहेबांना ती धरता येईल, ते मी येथे लिहीत नाही.

सुधारणा म्हणाल तर मुख्य सुधारणा विजेची. पूर्वी बारा व्होल्टचा प्रवाह रुळातून इंजिनाला जाई. पट्टी जरा गंजली की प्रवाह तुटे आणि गाडी उभी राही. आप्पा रोज सकाळी पॉलिशपेपरने साठ फूट रूळ घासत. दादाने आय.टी.आय.मध्ये वायरमनचा कोर्स केला आहे. तो म्हणाला, “वीज रुळातून द्यायचीच कशाला?” त्याने मागच्या डब्यात तीन लिथियम सेल बसवले, सुमारे अकरा व्होल्टचे, जास्त प्रवाह तोडणाऱ्या छोट्या सर्किटसह. टेपरेकॉर्डरची मोटर काढून गिअरची मोटर घातली आणि मोडक्या रिमोट-गाडीचा रिसीव्हर जोडला. आता रूळ फक्त रुळाचे काम करतात. बाजूंना रेड ऑक्साइड लावले आहे, माथ्यावर महिन्यातून एकदा तेलाचा बोळा फिरवतो. दोन खोल्यांचा आग्रह धरणारा दादाच आता रविवारी सकाळी सगळ्यांआधी अंगणात असतो.

खर्चही सांगतो, कारण असली कामे पैसेवाल्यांचीच असे अनेकांना वाटते. पट्टी ६०० रुपये, कच व मुरूम ९००, लाकूडकापणी व औषध ७००, मोटर, सेल आणि इतर विजेचे सामान २,३५०, रंग व किरकोळ ५५०. एकूण ५,१०० रुपये. भाऊ-भाऊ वाटून घेतले. नव्या खोलीत भाडेकरू आला आहे आणि पुतण्याची फी वेळेवर जाते.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम बदलली नाही. आप्पांच्या गाडीत प्रवासी नव्हते, ड्रायव्हरही नव्हता. नगरसूलच्या अलीकडे रुळाशेजारी मात्र मातीची आठ माणसे उभी होती. कोणाच्या हातात पहार, कोणाच्या हातात बीटर, एकाच्या हातात लाल झेंडी. पाच फुटली होती, ती पुन्हा घडवली. माझी मुलगी नववीत आहे. तिने विचारले, “पप्पा, यात बाई का नाही? आता तर बाया पण ट्रॅकवर काम करतात.” तिचे म्हणणे खरे होते. तिने नववी मूर्ती केली. साडीवर नारिंगी जाकीट, डोक्याला टोपी, हातात फावडे.

पहिली गाडी सोडली त्या रविवारी विहारातील बालवर्गाची वीस-बावीस मुले आली होती. दुसऱ्याच फेरीला वळणावर डबा उतरला. मुले इंजिनाकडे धावली. माझी मुलगी मात्र खाली बसली, तिने लाकडी ठोकळा दोन रुळांत फिरवून अंतर मोजले, बाहेरच्या रुळाखाली कच दाबली आणि पातळी पाहिली. वळणावर बाहेरचा रूळ किंचित उंच ठेवावा लागतो, नाहीतर गाडी बाहेर फेकली जाते. तो एका जागी खचला होता. तिने खूण केली, दादाने रिमोट दाबला आणि गाडी दौलताबादपर्यंत विनातक्रार गेली. हे तिला मी शिकवले नव्हते. आजोबांच्या अंथरुणाशी बसून ती त्यांची वही वाचून दाखवीत असे, तेव्हा ते तिला समजावून सांगत.

वाचक बंधू-भगिनींनो, आपण बाबासाहेबांचे ग्रंथ घरात ठेवतो, जयंती साजरी करतो, मुलांना शिकवतो. ते केलेच पाहिजे. त्याबरोबर एवढेही करावे. घरातील वडीलधारी माणसे गिरणीत, गोदीत, रेल्वेत, कातड्याच्या किंवा बांधकामाच्या कामात असतील, तर त्यांना काय येते ते त्यांच्यासमोर वही घेऊन बसून विचारावे. किती सोसले एवढेच विचारून थांबू नये. माप कसे घेत, चूक कशी ओळखत, अवजार कसे धरत, तेही विचारावे. सोसलेले सांगताना ते थोडक्यात आटोपतील. कामाचे विचारले की त्यांचा आवाज बदलतो, हे मी आप्पांच्या बाबतीत पाहिले आहे. ते ज्ञान शाळेच्या पुस्तकात आले नाही, म्हणून ते ज्ञान नव्हते असे आपल्या मुलांना वाटू देऊ नये.

मनमाडला कोणी आले तर अंगण उघडेच असते. येताना मुलांना घेऊन यावे. पावसाळ्यानंतर खडी पुन्हा ठोकायची असते, त्या कामाला हात कमीच पडतात.

जय भीम!