उताराचा हिशेब

सायकलवर डोंगरात जायचं ठरलं की माणसं चढाच्या धास्तीनं माझ्या दुकानात येतात. "मिस्तरी, गियर तेवढा हलका करून द्या." मी गियर बघतो, पण हात आधी ब्रेककडे जातो. श्रीगोंद्यात सायकल शिकलेल्या माणसाला उतार म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. घोड आणि भीमेच्या अलीकडचा हा मुलूख, ऊस आणि लिंबाचा. इथं ब्रेक दाबायचा तो उसाची ट्रॉली आडवी आली तर. त्यामुळे आमच्याकडचे ब्रेक शू झिजत कमी आणि वाळतात जास्त. रबर नखाला टणक लागलं की ते बदलायचं; मग ते दिसायला कितीही जाड असो.

दिवाळी उरकली की आमचा गट भंडारदऱ्याला निघतो. पारनेर, टाकळी ढोकेश्वर, संगमनेर, अकोले, राजूर. जिल्हा बदलत नाही, पण पाण्याचा हिशेब पार उलटा होतो. आम्ही टँकरची वाट बघणारे, आणि तिकडचं घाटघर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणवून घेतं. गटात एक मास्तर आहेत, लिंबाचे एक व्यापारी, एक डॉक्टर, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी. सगळ्यांच्या मागं मी. मागं राहण्यात मोठेपणा काही नाही. ज्याची चेन उतरते तो नेमका मागं पडतो, म्हणून मिस्तरीची जागा तिथंच.

चढाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. साध्या काळ्या सायकलला पुढं ४४ दाते आणि मागं १८. पायडलच्या एका फेरीत ती सव्वापाच-साडेपाच मीटर जाते. डोंगरी गियरच्या सायकलला पुढं २२ आणि मागं ३२ लावले तर एका फेरीत दीड मीटरसुद्धा नाही. पाय भराभर फिरतात, सायकल गोगलगायीसारखी सरकते, पण सरकते. ज्याला हेही जमत नाही त्यानं उतरून ढकलावी. लाज कसली त्यात? मास्तर तर ढकलताना पोरांना भूगोल शिकवतात.

खरी गंमत माथ्यावर सुरू होते. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो धरले आणि ते तीनशे मीटर खाली आले, तर त्या उतरण्यात पाऊण लिटर पाणी उकळवता येईल एवढी ऊर्जा मोकळी होते. हा हिशेब मास्तरांनी एकदा राजूरच्या चहाच्या टपरीवर पावतीच्या मागं मांडून दाखवला होता. चढताना मांड्यांनी भरलेलं सगळं उतारावर परत मिळतं. थोडं वारा खातो. बाकीचं कुठं तरी जिरवावं लागतं, आणि ते जिरतं बोटभर रबराच्या चार तुकड्यांत आणि दोन रिमांत.

घाटघरला हाच व्यवहार सरकारनं मोठ्या अंगानं मांडलाय. तिथल्या २५० मेगावॅटच्या प्रकल्पात विजेची मागणी कमी असेल तेव्हा कोकणातल्या खालच्या धरणातलं पाणी वर चढवतात, आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज काढतात. चढवायला लागते तेवढी सगळी परत येत नाही, पण बरीचशी येते. आपल्या सायकलला तसं जनित्र नाही. आपण परत आलेलं सगळं घासून जाळतो.

म्हणून उतारावर माझा नियम एकच, आणि त्यावरून दरवर्षी भांडण होतं. ब्रेक सारखा धरून ठेवायचा नाही. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नेटानं दाबायचे, वेग पाडायचा, मग सोडायचे. सुटलेल्या वेळात रिमला वारा लागतो. नवशिका घाबरून माथ्यापासून पायथ्यापर्यंत मागचा ब्रेक चिमटीत धरतो. त्याला ते सावधपणाचं वाटतं. रिम तापत जाते, ट्यूबमधली हवा फुगते, रिमकडच्या बाजूला ठिगळ असेल तर ते सुटायला लागतं. आमच्या तालुक्यात बिनठिगळाची ट्यूब सापडायची नाही, वेड्या बाभळीची कृपा. गावात मी ठिगळावर ठिगळ बिनधास्त लावतो; घाटात जाणाऱ्या सायकलला मात्र नवी ट्यूब. जुना टायर असेल तर आतून फडकं फिरवून घेतो. काटा राहिला असेल तर फडकं अडकतं.

उतरताना आमची एकामागं एक रांग, मध्ये दहा सायकलींचं अंतर, आणि कुणी कुणाला मागं टाकायचं नाही. थांबायच्या जागा आधीच ठरवलेल्या. तिथं मी प्रत्येक रिमजवळ बोटाची मागची बाजू नेतो. सोसवत नसेल तर सगळ्यांनी बसायचं, शेंगदाणे खायचे. डॉक्टर म्हणतात, मिस्तरी ताप बघतायत. पोरं कुरकुरतात, कारण उताराच्या हौसेनंच ती चढलेली असतात.

१९२६ साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं विल्सन धरण, जलाशयाला वळसा घालणारा रस्ता, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ, साम्रदची सांदण दरी, हे सगळं आम्ही बघतो. पण फोटो दाखवताना आमच्यातले लोक सायकलीच जास्त दाखवतात, हे मी पाहिलंय.

आता टूम निघालीय, पुढच्या वेळी माळशेज उतरून मुरबाडच्या अंगाला जायचं, तेही पावसाळ्यात, धबधबे बघायला. व्यापारीशेठ तर आजच तयार आहेत, त्यांच्या वडलांच्या वेळच्या सायकलवर. तिची रिम लोखंडी, चकचकीत क्रोमची. कोरडी असताना ती ब्रेक धरते. ओली झाली की शू नुसता घसरत राहतो. मी सांगून टाकलंय: शेठ, तुम्ही या, सायकल घरी ठेवा. ॲल्युमिनियमच्या रिमवाली एक दुकानात आहे, भाडं घेणार नाही. दोन दिवस झाले, त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.