गरजेल तो पडेल काय

बोलेल तो करेल काय आणि गरजेल तो पडेल काय, ही म्हण अलीकडे माझ्या मनातून जाता जात नाही. ज्याने उमेदीची वर्षे नभोवाणीच्या बंद खोलीत बोलण्यात घालविली, ज्याचा आवाज घरोघरी ओळखीचा झाला पण चेहरा फारसा कोणी पाहिला नाही, अशा माणसाने राजकारणात पाऊल टाकले की कोणीतरी ही म्हण पुढे करतो, आणि तिच्यापुढे मग कोणाची मात्रा चालत नाही. बोलण्यात जन्म गेला, आता हा करणार काय, असा तिचा निवाडा असतो. तो मला मान्य करवत नाही आणि मोडूनही काढता येत नाही.

अशा वेळी मन आटपाडीकडे वळते, ते माडगूळकर बंधूंमुळे. थोरले ग. दि. माडगूळकर १९१९ साली शेटफळ्यात जन्मले, धाकटे व्यंकटेश १९२७ साली माडगुळ्यात. दोन्ही गावे आटपाडी तालुक्यातली, आणि आटपाडीचा महाल त्या काळी औंध संस्थानच्या अमलाखालचा. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून थोरल्यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभर, एकामागून एक, छप्पन्न गीते महाराष्ट्राने कान लावून ऐकली. त्याच साली धाकटे त्याच केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात रुजू झाले आणि सुमारे तीस वर्षे तेथेच राहिले. थोरले १९६२ साली राज्यपालांच्या नियुक्तीने विधान परिषदेवर गेले, ते १९७४ पर्यंत. या दोघांपैकी नभोवाणीवरचा वृत्तनिवेदक किंवा वार्ताहर कोणीच नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरीही नभोवाणीकडून विधिमंडळाकडे जाणारी वाट या एकाच घराने अर्धी अर्धी चालून पाहिली, असे मला वाटते. पु. ल. देशपांडे यांनीही आकाशवाणीची चाकरी केली होती. १९७७ च्या निवडणुकीत ते आणीबाणीविरुद्ध सभांतून बोलले आणि मग सत्तेच्या वाटेला न जाता आपल्या लेखनाकडे परतले. त्यांना मात्र ही म्हण कोणी लावीत नाही.

परंतु म्हणीचा उत्तरार्धच मला अधिक छळतो. ज्या कोणी ती प्रथम उच्चारली, त्याने पाऊस पाहिला असेल तो कोणत्या मुलखातला? महाबळेश्वरी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि त्यातला बहुतेक दिवसेंदिवस एका लयीत, फारसा गाजावाजा न करता. तेथे उभे राहून पाहणाऱ्याला न गरजता पडणारा पाऊस हाच कर्ता पाऊस वाटावा, हे स्वाभाविक आहे. पण सह्याद्री ओलांडून पूर्वेला माणदेशात उतरावे, तर आषाढ-श्रावणातले ढग आटपाडीच्या माळावरून मुकाट्याने येतात आणि तसेच मुकाट्याने पुढे निघून जातात. त्यांच्या मौनावर विसंबून पेरणी करण्याचे धाडस जाणता शेतकरी करीत नाही. येथला भरवशाचा पाऊस तो वळवाचा, नाहीतर उत्तरा-हस्ताचा, आणि तो येतो वाजतगाजत. दुपारभर ऊन रणरणते, तिसऱ्या प्रहरी आभाळ काळवंडते, वीज कडाडते, गडगडाटाने गुरे बुजतात, आणि घटकाभरात कोरडे ओढे माणगंगेकडे धावू लागतात. शाळूचे सारे भवितव्य त्या गडगडाटावर अवलंबून. म्हणजे या मुलखात जो गरजतो तोच पडतो आणि जो गरजत नाही तो निघून जातो. असे असूनही माणदेशातली माणसे ही म्हण तितक्याच खात्रीने उच्चारतात. आपल्या डोक्यावरच्या आभाळाचा अनुभव बाजूला सारून माणसे दुसऱ्या मुलखातले शहाणपण का वापरतात, हे मला उलगडत नाही. कदाचित गरजून न पडलेल्या ढगाचे दुःख मनावर खोल कोरले जात असेल. न गरजता निघून गेलेल्याची तक्रार कोणी कोणाकडे करावी?

याच मातीत बोलण्यातून कृती उगवल्याचे दाखले आहेत. क्रांतिसिंह नाना पाटील मुळात तलाठी. सरकारी दप्तर मिटून ते गावोगाव बोलत हिंडले, बेचाळीसनंतर साताऱ्याचे प्रतिसरकार उभे राहिले, आणि १९५७ साली ते लोकसभेवर निवडून गेले. पुढे नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीत दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या, तेव्हाही लोकांजवळ बोलण्यावाचून दुसरे साधन नव्हते. पुष्कळ वर्षांनी टेंभू योजनेने कऱ्हाडजवळून उपसलेले कृष्णेचे पाणी या माळाला लागले. त्या पाण्यात भाषणांचा वाटा किती आणि कचेऱ्यांतल्या मंजुऱ्यांचा किती, याची वाटणी कोणता मामलेदार करून देईल?

मात्र हे बोलणे समोरासमोरचे होते आणि त्याला तिथल्या तिथे जाब विचारता येत होता. नभोवाणीवर बोलणाऱ्याला हे भाग्य क्वचितच लाभते. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापिली. वीसेक माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवीत. उत्तर सातारा त्यात होता, आटपाडीचा भाग त्याबाहेर राहिला. तो प्रयोग आठवला की वाटते, वर्षानुवर्षे प्रत्युत्तरावाचून बोललेल्या माणसाला ते प्रत्युत्तर ऐकण्याची तहान लागून तो मतदारांपुढे जात असावा. आणि लगेच उलटी शंका येते, की ज्याला कोणी कधी मध्येच थांबविले नाही, त्याला थांबविले गेल्यावर ऐकण्याचे बळ कोठून यावे?

ग. दि. माडगूळकर बारा वर्षे विधान परिषदेत होते. त्यांची गीते मुखोद्गत असणारी माणसे मला पदोपदी भेटतात. त्यांचे तेथले एखादे भाषण सांगणारा मात्र अजून भेटलेला नाही. यावरून काही ठरवावे, तर सभासदाचे काम त्याच्या भाषणांनी मोजू नये, समित्यांतून आणि शब्द टाकून केलेली कामे दिसत नाहीत, असे मीच मला बजावतो. आणि तसे म्हणताच, ज्या म्हणीशी इतका वेळ झगडलो, तिचाच पूर्वार्ध मी निमूट कबूल करून बसलेला असतो.