गडबचें घर आणि चक्रमुद्रण

पेणेहून दक्षिणेकडे निघालें म्हणजे वडखळ येथें अलिबागचा फांटा उजवीकडे सुटतो, डोलवीच्या पोलाद कारखान्याचीं धुराडीं मागें पडतात आणि मग मुंबई-गोवा महामार्गावर गडब लागतें. पश्चिमेस खाडीचा प्रदेश. भरतीचें खारें पाणी अडविणारे मातीचे बांध, बांधांतील उघाड्या आणि आंत भाताचीं शेतें. पावसाळ्यांत हा सर्व मुलूख हिरवागार दिसतो, आणि चैत्रांत तीच जमीन पांढरट पडून भेगाळते. या गांवीं आमचें मूळ घर. यंदां तें विकण्याचें ठरलें.

निर्णय एकमतानेंच झाला. एकवीस बिऱ्हाडें पुण्या-मुंबईस आणि त्याहून दूर पांगलेलीं. दरसाल कौलें परतण्यास कोणी येईना. थोरल्या वहिनींनीं मात्र एक मागणें मागितलें: प्रत्येक बिऱ्हाडाकडे घराचें चित्र असावें. छायाचित्रें हवीं तितकीं होतीं. पण वहिनींच्या मनांतल्या घराला गोठा होता, आणि तो पडून वीस वर्षें झालीं. पडलेला गोठा छायाचित्रांत कोठून येणार? तो काढावाच लागणार होता.

आमची एक चुलत नात चित्रकलेची विद्यार्थिनी. तिनें भंगारवाल्याकडून हातानें फिरविण्याचें एक सायक्लोस्टाइल यंत्र मिळवून आणलें व ओसरीवर मांडलें. तें पाहून आम्हांस जुना सोबती भेटल्यासारखें झालें. १८८१ सालीं लंडन येथें डेव्हिड गेस्टेटनर यानें या पद्धतीचा पाया घातला. १९४२ च्या लढ्यांत मुंबईंत काँग्रेसचीं भूमिगत पत्रकें अशाच यंत्रांवर निघत. पुढें १९५४ च्या सुमारास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे व रमेश समर्थ यांनीं 'शब्द' हें नियतकालिकही चक्रमुद्रितच काढलें. आम्हीं स्वतः शाळेंत वर्षानुवर्षें संस्कृतच्या प्रश्नपत्रिका याच रीतीनें छापल्या. जोडाक्षरें नीट उमटावीं म्हणून टंकयंत्र सोडून पोलादी लेखणीनें हातानेंच लिहीत असूं. तेव्हां आम्हांस आतां शिकण्यासारखें काय उरलें, असा थोडा गर्व होता.

पहिल्याच दिवशीं तो उतरला. स्टेन्सिलचा कागद म्हणजे चिवट तंतूंचा पातळ कागद, त्यावर मेणासारखा लेप. लेखणीनें लेप सरला कीं उघड्या पडलेल्या तंतूंतून शाई पाझरते. तंतू तुटतां कामा नयेत. आम्हीं दाराची चौकट जोरानें कोरली. तंतू तुटले आणि चौकटीच्या जागीं शाईचा डाग पडला. "आजोबा, हात हलका ठेवा," नात म्हणाली. जन्मभर मुलांस हेंच सांगत आलों होतों!

अक्षर एका दाबानें लिहितां येतें. चित्राचें तसें नाहीं. सावलीसाठीं कांटेरी चाकानें ठिपके उठवावे लागतात, कौलांसाठीं स्टेन्सिलखालीं खरबरीत पट्टी ठेवून वरून लेखणी फिरवावी लागते. गुळगुळीत कागद चालत नाहीं. शाई वाऱ्यानें फारशी सुकत नाहीं, ती कागदांत मुरावी लागते. दोन रंग हवे असल्यास दोन स्टेन्सिलें कापावीं लागतात, आणि मध्यंतरीं नळकांड्यावरील कापड बदलून आंतील शाई निपटून काढावी लागते.

आठ दिवस गेले. तीन स्टेन्सिलें वायां गेलीं. गोठ्याचें तोंड पूर्वेस होतें कीं उत्तरेस, यावर घरांत दोन पक्ष पडले. शेवटीं वहिनींनीं अंगणांत काठीनें रेघ ओढून वाद मिटविला. पुढें प्रथम तांबडा हात काढला, रात्रभर कागद पसरून ठेवले आणि दुसऱ्या दिवशीं काळा चढविला. दांडा आम्हीं फिरवीत होतों, नात एकेक कागद उचलून मध्यें रद्दीचा कागद घालीत होती.

परंतु दोन्ही रंग कोठेंच तंतोतंत जुळेनात. कोठें छप्पर भिंतीवरून केसभर डावीकडे सरकलेलें, कोठें उजवीकडे. एकवीस प्रतींत एकवीस तऱ्हा. परीक्षेच्या कागदांची संवय असलेल्या आम्हांस तें सहन होईना. सर्व गठ्ठा टाकून पुनः आरंभ करावा असें आम्हीं बोलून दाखविलें. वहिनींनीं एक प्रत खिडकीजवळ नेऊन न्याहाळली. "भाऊजी, कौलें दरसाल सरकतच होतीं कीं! आणि गोठा जागेवर आहे. आतां हात लावूं नका."

आम्हीं हात लावला नाहीं. प्रती बिऱ्हाडोबिऱ्हाडीं रवाना झाल्या. शाळेंत छपाई होतांच स्टेन्सिल जाळण्याचा आमचा शिरस्ता होता, प्रश्न फुटूं नयेत म्हणून. येथें तीं दोन्हीं स्टेन्सिलें शाई टिपून, टीपकागदांत घालून वहिनींच्या हवालीं केलीं. खरेदीखत दसऱ्यानंतर व्हावयाचें आहे. पुढें एखाद्या नव्या बिऱ्हाडास घर हवेंसें वाटलें, तर तें त्यांच्या पेटींतून निघेल.