चाळीस दिवसांची चाल

ओमानचे सुलतान काबूस गेल्याची बातमी 11 जानेवारी 2020च्या पहाटे आली. डिसेंबरात ते बेल्जियमहून उपचार घेऊन परतले तेव्हापासून मस्कतमध्ये कुजबुज होतीच. तरीही शहर हादरलं. पन्नाशीच्या आतल्या कुठल्याही ओमानी माणसाने दुसरा सुलतान पाहिलाच नव्हता. 23 जुलै 1970 पासून हेच एक. त्यांना मूलबाळ नव्हतं. वारसाचं नाव लिहून ठेवलेलं बंद पत्र टीव्हीसमोर उघडलं गेलं, हैथम बिन तारिक यांनी शपथ घेतली आणि दफनविधीही त्याच दिवशी उरकला. तीन दिवस कचेऱ्या बंद, चाळीस दिवस झेंडे अर्ध्यावर.

आम्ही पडलो नोकरीसाठी आलेले. या दुःखात आपली जागा कोणती, तेच कळेना. भारतानेही 13 तारखेला दुखवटा पाळला, पण तो सरकारी. माझ्यापुरतं सांगायचं तर जुन्या मस्कतच्या शिवमंदिरात आणि दारसैतच्या कृष्णमंदिरात मी इतकी वर्षं बिनधास्त जात आले, ते त्यांच्या राज्यात. शिवाय त्यांचे आजोबा सुलतान तैमूर 1932 मध्ये गादी सोडून पुढे मुंबईत राहिले आणि 1965 मध्ये तिथेच वारले. मुंबईच्या नातेवाइकांना हे सांगितलं की ते थक्क होतात.

15 तारखेला संक्रांत. बिल्डिंगमधल्या बायकांचं हळदीकुंकू अर्थातच रद्द झालं. दिवसभर टीव्हीसमोर बसून सगळ्याच आंबून गेलो होतो. एक मैत्रीण म्हणाली, "निदान शाती अल कुर्मला चालून तरी येऊ." डॉक्टरांनी मला कधीचं बजावलं होतं, साखर काठावर आली आहे, चाला. पण एकटीने कोण जातंय!

ओहोटीला कुर्मची वाळू घट्ट असते, पाय रुतत नाहीत. एरवी संध्याकाळी तिथे पोरांच्या फुटबॉलचा कल्ला असायचा. त्या आठवड्यात माणसं होती, पण बोलत कुणीच नव्हतं. काळा अबाया आणि पायात धावायचे बूट अशा ओमानी बायकांच्या शेजारून आम्ही कितीदा गेलो असू. हसण्यापलीकडे ओळख नव्हती. त्या दिवशी त्यांच्यातली एक आमच्या बरोबरीने चालू लागली. मी "अल्ला यरहमो" म्हटलं. माझं अरबी तिथेच संपलं, आणि तिचं इंग्रजी सुरू झालं. शाळेत शिक्षिका होती. आईला अक्षरओळख नाही, कारण 1970 साली देशभरात शाळाच तीन. आणि आपण पदवीधर, ते बाबा काबूसमुळे, असं ती सांगत होती. समोरासमोर बसून ती इतकं बोलली असती असं मला वाटत नाही. चालताना नजर पुढे असते, डोळे भरले तरी शेजारणीला दिसत नाहीत, आणि दम लागला की गप्प राहायला सबबही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तीच आमची वाट बघत होती. शिकवण्याची सवय तिला स्वस्थ बसू देईना. हात हलवा, पावलं लहान टाका, पाणी घोट घोट प्या! पहिल्या आठवड्यात पोटऱ्या अशा धरल्या की जिना उतरताना मी कठडा सोडत नव्हते. मग तिची बहीण आली, आमच्याकडच्या केरळी नर्स आल्या. तिळगूळ शेवटी वाळूतच वाटला गेला. झेंडे पुन्हा वर चढले तोवर आम्ही थोडं थोडं धावायलाही लागलो होतो.

24 फेब्रुवारीला ओमानमध्ये करोनाचे पहिले रुग्ण सापडले. पुढे किनारे बंद झाले, ग्रुप फोनवर आला. त्या काळाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. जिने चढलो, कंटाळलो.

3 ऑक्टोबर 2021ला शाहीन चक्रीवादळ बातिनाच्या किनाऱ्यावर आदळलं. मस्कतला वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस; अल खाबूराला या वादळात साडेतीनशेहून जास्त पडला. ग्रुपवर त्या शिक्षिकेचा निरोप आला: शुक्रवारी बातिनातल्या सुवैकला मदतीला जायचंय, बूट जुने घाला.

घराघरात गुडघाभर चिखल होता. देशभरातून माणसं आली होती. आम्ही रांग केली आणि घमेली हातोहात बाहेर काढू लागलो. दुपारपर्यंत मी थांबले नाही, याचं नवल मलाच वाटलं. शिक्षिकाबाई मात्र पाठीमागून ओरडल्या, "कमरेतून नाही, गुडघ्यातून वाका!"