लांब नळीची बंदूक

शस्त्राविषयी कौतुकाने लिहिणे धर्मगुरूच्या लेखणीला शोभत नाही, असे कुणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही. तथापि अमेरिकेच्या प्रवासात एका संग्रहालयात काचेमागची जुनी ठासणीची बंदूक पाहून आमचे पाऊल पुढे पडेना, हे सत्य आहे.

१८व्या शतकात जर्मनी व स्वित्झर्लंडमधून पेनसिल्व्हेनियात, विशेषतः लँकेस्टरच्या परिसरात, येऊन वसलेल्या कारागिरांनी ही ‘लाँग रायफल’ घडवली. मायदेशातील त्यांची शिकारीची बंदूक आखूड व जाड गोळीची होती. नव्या अरण्यप्रदेशात शिसे आणि दारू जपून वापरणे भाग होते. नळी ४० इंचांहून लांब झाली, गोळी मात्र लहान झाली.

लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवती वळवायची आणि थोडाथोडा भाग पुन्हा तापवीत घणाने तिचे काठ सांधायचे. नळी आतून सरळ कोरून झाली की खरी तपश्चर्या सुरू होई. पोलादी पात्याचा गज हाताने पुढे-मागे ओढीत एकेक मळसूत्री खाच पाडायची. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत नेमकी जाते. तेलकट कापडाच्या तुकड्यात धरून ती ठासली जाई. घोडा सुटताच गारगोटी पोलादावर आपटे, ठिणगी रंजकावर पडे आणि बारीक छिद्रातून ज्वाला आत शिरे. लहरदार रेषांच्या मेपल लाकडाच्या दस्त्यात त्या कापडांसाठी पितळी झाकणाचा कप्पाही असे. १९६०च्या दशकात वॉलेस गस्लर यांनी विल्यम्सबर्ग येथे जुन्याच पद्धतीने अशी बंदूक घडवून हा हुन्नर पुन्हा जगापुढे आणला.

ख्रिश्चन्स स्प्रिंग येथील मोरेव्हियन ख्रिस्ती वसाहतीतही अशा बंदुका घडत. आंद्रेआस आल्ब्रेख्त हे तेथील नामांकित कारागीर. प्रार्थना आणि शस्त्रनिर्मिती एकाच अंगणात नांदत होती, हे वाचून आम्ही अस्वस्थ झालो. कारण याच प्रदेशात १४ डिसेंबर १७६३ रोजी सशस्त्र टोळीने कोनेस्टोगा वस्तीतील सहा निरपराध आदिवासींना ठार केले. उरलेल्या चौदा जणांना लँकेस्टर गावात आसरा दिला होता. नाताळानंतर दोनच दिवसांनी टोळीने तेथे शिरून त्यांनाही, लेकरांसकट, मारले. मारेकरी ख्रिस्ती म्हणवणारे होते. कुणालाही शिक्षा झाली नाही.

त्या दिवशी कोणाच्या हाती कोणते शस्त्र होते, याचा शोध आम्ही घेत नाही. परंतु नळी सरळ आहे की नाही हे डोळा लावून पाहणाऱ्या कारागिराला ती उद्या कोणावर रोखली जाईल, हे दिसत नव्हते. त्याच्या चिकाटीपुढे आम्ही नतमस्तक होतो, पण तिच्या सौंदर्याने त्या लेकरांचे रक्त झाकू देत नाही. आपल्या मुलांनाही आपण कष्टाने हुन्नर शिकवतो. ‘हे कसे करावे’ याबरोबरच ‘हे कोणाच्या हाती जाणार’ हाही प्रश्न त्यांना विचारू द्यावा, एवढेच आमचे मागणे.