कारणाचा रकाना

शस्त्र परवान्याच्या अर्जात एक प्रश्न असतो: शस्त्र कशासाठी हवं आहे? बाकीचे रकाने भरायला फारसं काही लागत नाही. फोटो, आधारकार्ड, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला, हे सगळं आठ-पंधरा दिवसांत जमतं. खरा अर्ज त्या एका रकान्यात असतो, आणि तिथे बहुतेक जण एकच वाक्य लिहून मोकळे होतात: जीवितास व मालमत्तेस धोका आहे. कोणापासून, कधीपासून, तक्रार केली होती का, तिचं काय झालं, यातलं काहीच नसतं. पनवेलच्या कोर्टात मी फौजदारी वकिली करते. शस्त्र कायद्याचे खटले चालवते, परवाना नाकारलेल्यांची अपिलंही चालवते. हा रकाना नीट विचारला आणि नीट वाचला गेला, तर आपल्याकडचे निम्मे नको ते परवाने निघणारच नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेत शाळेत किंवा बाजारात गोळीबार झाला की आमच्याकडेही घराघरात त्याची चर्चा होते. खारघर, कामोठे, नवीन पनवेल इथल्या कितीतरी घरांतली मुलं तिकडे आहेत. १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले, त्यात बोरिवलीहून वास्तुशास्त्र शिकायला गेलेली एक मुलगी होती. तेव्हापासून तिकडचा गोळीबार आपल्याला परका राहिलेला नाही. 'ते लोक बंदुकांवर बंदी का घालत नाहीत?' हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो. उत्तर द्यायचं तर पुन्हा त्या रकान्यापाशीच यावं लागतं.

तिकडे १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगणं हा हक्क ठरवला. तो व्यक्तीचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं. तरीही न्यूयॉर्क राज्यात शंभरहून अधिक वर्षं एक अट टिकून होती: पिस्तूल बरोबर घेऊन फिरायचं असेल तर तसं सबळ कारण दाखवा. २०२२ च्या १४ मे रोजी त्याच राज्यातल्या बफेलो शहरात किराणा दुकानात दहा माणसं मारली गेली. दहा दिवसांनी टेक्सासच्या उवाल्डे गावात शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. आणि २३ जूनला सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची ती अट घटनाबाह्य ठरवली. बफेलोच्या मारेकऱ्याला ती अट अडवू शकली नव्हती, हे खरं. पण 'कशासाठी?' हे विचारायचा राज्याचा अधिकारच त्या दिवशी गेला.

ऑस्ट्रेलियाने नेमकं उलट केलं. २८ एप्रिल १९९६ ला टास्मानियातल्या पोर्ट आर्थरला एका माणसाने ३५ जणांना ठार केलं. पंतप्रधान जॉन हॉवर्ड हे उजव्या विचारांचे, त्यांच्या मतदारांत बंदुकवाले शेतकरी भरपूर. तरी दोन आठवड्यांच्या आत सगळ्या राज्यांशी करार झाला. सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे मोजून परत घेतल्या. त्या खरेदीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. वकील म्हणून मला त्या करारातली दुसरी तरतूद जास्त महत्त्वाची वाटते: अर्जदाराने खरं कारण सिद्ध केलं पाहिजे, आणि स्वसंरक्षण हे कारण धरलं जाणार नाही. शेती, खेळ, शिकार चालेल. 'मला भीती वाटते' हे चालणार नाही. आपल्याकडे बहुतेक अर्ज ज्या एका कारणावर उभे असतात, ते तिथे कारणच नाही.

आपण यात कुठे बसतो? पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडक्यांचं हे जन्मगाव. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्र कायदा आणला. हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवाना लागेल आणि युरोपियनांना लागणार नाही, असा तो कायदा होता. पुढच्याच वर्षी फडक्यांनी रामोशांना बरोबर घेऊन बंड उभारलं. त्या कायद्याचा सल आपल्या राजकारणात फार काळ राहिला. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामतांनी घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली, तेव्हा ती या परंपरेतूनच आली होती. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. आता राज्य आपलं आहे, तेव्हा प्रश्न शस्त्र घेण्याच्या हक्काचा कमी आणि कर्तव्याचा जास्त आहे, आणि असा हक्क सरसकट दिला तर सराईत गुन्हेगारही तो मागेल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. दुरुस्ती बारगळली. त्या एका निर्णयाने आपली वाट अमेरिकेपासून वेगळी झाली, आणि ती योग्य दिशेने गेली असं मला मनापासून वाटतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं: आपल्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही.

हक्क नाही म्हटल्यावर उरते ती परवानगी, आणि परवानगी म्हणजे अधिकाऱ्याची सही. १९५९ च्या कायद्याने ही सही शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे दिली. म्हणजे पनवेलचा अर्ज नवी मुंबईच्या आयुक्तांकडे आणि पेण-अलिबागचा रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. जिल्हाधिकाऱ्यांनी नाकारलं तर अपील कोकण विभागीय आयुक्तांपुढे, पोलीस आयुक्तांनी नाकारलं तर मंत्रालयात गृह खात्यापुढे. न्यूयॉर्कच्या खटल्यात बंदुकवाल्यांचा एक मुद्दा असा होता की, सहीचा अधिकार एका माणसाच्या हातात दिला की परवाना ओळखीच्या आणि वजनदार लोकांनाच मिळतो. त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही, पण हा मुद्दा मी उडवून लावू शकत नाही. अपिलाच्या फायलीत शिफारसपत्रं बघते तेव्हा तो मला रोज पटतो.

बीड जिल्हा घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा अपहरण करून निर्घृण खून झाला. त्यांना गोळी घातलेली नव्हती. पण त्यानंतर जिल्ह्यातली दहशत उजेडात आली, हवेत पिस्तुलं झाडणाऱ्यांचे व्हिडिओ फिरू लागले, आणि एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचं महाराष्ट्राला कळलं. २०१६ अखेरच्या केंद्राच्या आकड्यांनुसार सबंध महाराष्ट्रात ८४ हजारांच्या आसपास परवाने होते, उत्तर प्रदेशात पावणेतेरा लाखांहून जास्त. मग बीडमध्ये शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. कायदा तोच आणि परवाना रद्द करण्याचा कलम १७ चा अधिकारही तोच होता, फक्त एक खून होईपर्यंत तो कोणी वापरला नाही.

आता पनवेलमध्ये माझ्यासमोर बसणारी माणसं. भरावाची, डंपरची कामं घेणारा एक तिशीतला मुलगा फाईल घेऊन आला. विमानतळ आला, त्याच्याभोवतीचा 'नैना' हा नियोजित विकासपट्टा आला, जमिनीला कोटीचे भाव आले, तसे असे अर्जदार वाढले. मी विचारलं, "धोका कोणापासून आहे? तक्रार केलीस कुठे?"

"धोका असा काय नाय मॅडम. पण चार माणसांत उठबस हाय. समोरच्याकडं असतंय, आपल्याकडं नाय, मग बरं दिसत नाय."

प्रामाणिक उत्तर होतं. मी त्याला सांगितलं की हे कारण मी लिहू शकत नाही, आणि दुसरं लिहिणार नाही. 'समोरच्याकडं असतंय' हेच आमच्या पट्ट्याचं दुखणं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये बैलगाडा शर्यतीच्या ईर्ष्येतून अंबरनाथला दोन गटांत गोळीबार झाला, त्यातला एक गट आमच्या पनवेल तालुक्यातला होता. बैलांच्या शर्यतीचा वाद, आणि त्यात गोळ्या.

दुसरा अर्जदार माथेरानच्या पायथ्याकडचा म्हातारा शेतकरी, एकनळी बंदूक, पीकसंरक्षणाचा परवाना. त्याच्या रकान्यात रानडुकरं आहेत, आणि ती खरी आहेत. एका रात्रीत वाफेच्या वाफे उकरून जातात. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, भात कापणीला आलं तेव्हाच, आणि त्याला बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं गेलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सांगितलेलं आहे की निवडणुकीत सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घेऊ नयेत, छाननी समितीने एकेकाचा विचार करावा. काकांना हे कोणी सांगितलं नव्हतं. ज्याचं कारण खरं आहे त्याच्याकडे ओळख नाही, आणि ज्याच्याकडे ओळख आहे त्याला कारण लागत नाही, हे मी अनेक फायलींत पाहिलं आहे.

बेकायदा शस्त्रांचं काय, हा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो खरा आहे. बंदुकीने होणाऱ्या खुनांत बहुतेक शस्त्रं विनापरवाना असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे हेच सांगतात. एप्रिल २०२४ मध्ये वांद्र्याला सलमान खानच्या घरावर गोळ्या झाडणारे आधी पनवेलमध्येच भाड्याने राहत होते, आणि त्यांनी पिस्तुलं सुरतेजवळ तापीत फेकली होती. कोर्टात मुद्देमाल उघडतात तेव्हा मी असं विनापरवाना शस्त्र हातभर अंतरावरून बघते. लाखेचं सील तोडायचं, सुतळी कापायची, पंचांच्या सह्यांचं लेबल सरकारी वकील साक्षीदाराला दाखवतात, आणि कापडातून बाहेर येतो स्टीअरिंगच्या रॉडची नळी कापून केलेला गावठी कट्टा. लाकडी मूठ तारेने आवळलेली. तो चालू स्थितीत आहे, असा कलिन्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. कलम ३९ प्रमाणे खटल्याआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि ती नसली किंवा न वाचता सही केलेली निघाली तर आरोपी सुटतो. मी स्वतः या मुद्द्यावर आरोपी सोडवले आहेत. बचावाच्या वकिलाचं ते कामच आहे. पोलिसांनी ही मंजुरी नीट घ्यावी असं मला तरीही वाटतं.

पण कट्टा सरकारने दिलेला नसतो. ज्या गोळीबारांनी महाराष्ट्र हादरला त्यांतली शस्त्रं बघा. २००६ मध्ये प्रमोद महाजनांवर त्यांच्या भावाने गोळ्या झाडल्या त्या परवान्याच्या पिस्तुलातून. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरात हिललाइन पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये आमदार गणपत गायकवाडांनी जमिनीच्या वादातून गोळीबार केला. खटल्यात काहीही ठरो, शस्त्र परवान्याचंच होतं. सहा दिवसांनी दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना मारले गेले, ते मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याच्या पिस्तुलाने, आणि तो परवाना उत्तर प्रदेशातला होता. ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये चौघांचा जीव गेला तो रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला कामासाठी मिळालेल्या रायफलने. ही शस्त्रं सरकारच्या कागदावर होती. उमर्टीसारख्या मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या गावातले कट्टे बंद करायला दोन राज्यांचे पोलीस लागतात. हे गोळीबार थांबवायला एका अधिकाऱ्याने फाईल पुन्हा उघडली असती तरी कदाचित पुरलं असतं.

ती फाईल मध्ये कोणी उघडत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवली, हवेत गोळ्या झाडण्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली, हे चांगलं झालं. पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली. या पाच वर्षांत माणसाचं काय होतं? भागीदारी फुटते, भावाशी दावा लागतो, दारू वाढते, त्याच्यावर मारहाणीचा गुन्हा नोंदवला जातो. गुन्हा ज्या ठाण्यात नोंदवला त्याच ठाण्याने त्याचं शस्त्र जमा करून परवाना निलंबनाचा प्रस्ताव त्याच आठवड्यात पाठवला पाहिजे. मुळशीत शेतकऱ्यांवर पिस्तूल रोखल्याचा २०२३ चा व्हिडिओ जुलै २०२४ मध्ये सर्वत्र पसरला, आणि मगच त्या परवान्यावर कारवाई झाली. वर्षभर ते पिस्तूल घरातच होतं.

नूतनीकरणाच्या वेळी जुनं कारण तसंच उतरवून घेतात, तेही थांबायला हवं. धोका होता तो संपला असेल तर परवानाही संपला पाहिजे. आणि अपिलात परवाना दिला तर का दिला ते कारणांसह लोकांना वाचता आलं पाहिजे. २०२५ मध्ये पुण्यात पोलीस आयुक्तांनी नाकारलेला एक परवाना गृह राज्यमंत्र्यांनी अपिलात मंजूर केल्याचं प्रकरण गाजलं. अपिलाचा अधिकार त्यांना आहेच. पण तो आदेश वृत्तपत्रांनी शोधून काढावा लागला.

डंपरवाला मुलगा दुसऱ्या वकिलाकडे गेला. त्याला परवाना मिळाला का, हे मला कळायचा मार्ग नाही. नवी मुंबई आणि रायगडच्या प्रत्येक पोलीस ठाण्याच्या हद्दीत किती परवाने आहेत, त्यांतले पीकसंरक्षणाचे किती, स्वसंरक्षणाचे किती, आणि परवानाधारकांपैकी किती जणांवर नंतर गुन्हे दाखल झाले, ही माहिती नावांशिवाय दर वर्षी जाहीर करावी. बीडचा आकडा बाहेर आला तेव्हा तिथली कारवाई महिन्याभरात सुरू झाली. आमच्या तालुक्याचा आकडा मला एखादा खून होण्याआधी हवा आहे.